तुरुंगातला बी. ए.

माझ्या भाच्याचे तुरुंगातून आलेले पहिले पत्र पोस्टमनने आमच्या घरी टाकले नाही. तो शाळेत आला, मधल्या सुट्टीत मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेला आणि पिशवीतून एक आंतर्देशीय काढून माझ्या हातात दिले. म्हणाला, "सर, घराकडे देवक नाय. वयनी बगतीत म्हणान." पत्रावर तुरुंगाचा गोल शिक्का होता आणि पत्र वाचून तपासल्याची कुणाची तरी लपेटदार सही. ही २००७ सालच्या जानेवारीतली गोष्ट.

पत्र चारच ओळींचे होते. अक्षर ओळखीचे. मीच पाचवीपासून दहावीपर्यंत ते वळण लावले होते. लिहिले होते, "मामू, तुम्ही रविवारी मुक्त विद्यापीठाच्या वर्गावर शिकवता. इथेही त्याचे केंद्र आहे. माझा फॉर्म भरून घेणार आहेत. शाळा सोडल्याचा दाखला आणि व्याकरणाचे एक पुस्तक पाठवावे. अम्मीला सलाम."

माझी थोरली बहीण, म्हणजे आमची आपा, तेव्हा आमच्या घरापासून चार घरे सोडून राहत होती. तिचा हा एकुलता मुलगा. दहावीला तो बरा पास झाला, अकरावीला मालवणला कॉलेजात गेला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत गेलाच नाही. बापाला लकवा झाला होता. घरात दुसरा कमावता नव्हता. तो ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला. त्याला कॉलेज सोडू नकोस असे सांगायला मी एकदा गेलो होतो, हे खरे आहे. एकदाच गेलो होतो, हेही खरे आहे. फी मी भरली असती, पण घर कोण चालवणार, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मास्तरच्या पगारात दोन चुली चालवायची माझी तयारी नव्हती.

२००४ सालच्या ऑक्टोबरमध्ये हंगाम नुकताच भरात आला होता. बांगडा चांगला लागत होता. वाट्याच्या हिशोबावरून जेटीवर भांडण झाले. हिशोब एका वहीत होता आणि ती वही एकाच माणसाच्या ताब्यात होती. शिवीगाळ झाली, धक्काबुक्की झाली आणि माझ्या भाच्याने हातातले वल्हे मारले. ज्याला लागले तो आमच्याच मोहल्ल्यातला, आमच्याच सफेत नमाजला उभा राहणारा माणूस. दोन दिवसांनी तो हॉस्पिटलात वारला. त्याला बायको होती, तीन पोरे होती. सगळ्यात धाकटे रांगत होते.

हे मी लपवून लिहू शकलो असतो. 'एका प्रकरणात अडकला' असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. पण पुढचे जे सांगायचे आहे ते त्याशिवाय सांगता येत नाही.

खटला ओरोसला चालला. सदोष मनुष्यवध, दहा वर्षे सक्तमजुरी. निकाल लागेपर्यंत तो कच्चा कैदी होता, निकालानंतर पक्का झाला आणि त्याला घाटावरच्या एका मध्यवर्ती कारागृहात हलवले. कुठल्या, ते लिहीत नाही. त्यावाचून काही अडत नाही. या सगळ्या काळात मी त्याला भेटायला एकदाही गेलो नव्हतो. आपा जायची. पहाटेच्या एस.टी.ने घाट चढायची, वीस मिनिटांची मुलाखत करून रात्री परत यायची, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन नुसती बसायची. मी वर्तमानपत्र वाचत असे. मला लाज वाटत होती. कोणाची, तेव्हा मी ते नीट तपासले नव्हते.

आणि त्याच काळात मी दर रविवारी आमच्या भागातल्या अभ्यासकेंद्रावर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा समंत्रक म्हणून जात होतो. समंत्रक हा त्या विद्यापीठाचा शब्द. शिक्षक नव्हे, सल्ला देणारा. १९८९ साली नाशिकला ते विद्यापीठ निघाले. ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटले त्यांच्यासाठीच ते आहे. माझ्या वर्गात एस.टी.चे कंडक्टर होते, अंगणवाडीच्या बाया होत्या, बढतीसाठी पदवी हवी असलेला एक पोलीस हवालदार होता, कुडाळच्या बाजारात सुकी मासळी विकणारी एक बाई होती. ती वर्गात मागे बसायची आणि सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची. मी त्यांना सांगायचो, उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, शिकायला वय नसते. दर रविवारी सांगायचो. माझे स्वतःचे पोर कुठे बसले आहे हे त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीत असणार. कोणी काही बोलले नाही.

पत्र आल्यावर मी गेलो.

तुरुंगाची मुलाखत ज्याने केली आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने केली नाही त्याला सांगून कळत नाही. दोन जाळ्या, मध्ये हातभर अंतर, अलीकडे पंधरा-वीस नातेवाईक, पलीकडे तितकेच कैदी, आणि सगळे एकाच वेळी ओरडत असतात. मी चाळीस मुलांचा वर्ग आवाजावर गप्प करणारा माणूस, पण माझा आवाज पलीकडे पोचेना. भाचा बारीक झाला होता. त्याने पहिले विचारले, "मामू, तुमी कित्याक इलास? दाखलो पोस्टान चललो असतो."

मी विचारले, बी.ए. कशासाठी? मला वाटले होते तो पश्चात्तापाचे काही बोलेल. मी त्या तयारीनेच गेलो होतो. तो म्हणाला, "रायटराक पंख्याखाली बसूक गावता."

कैद्यांपैकीच ज्याला लिहिता-वाचता नीट येते त्याला ऑफिसच्या कामाला घेतात, त्याला तुरुंगात रायटर म्हणतात. बाकीचे शेतीवर, कारखान्यात, स्वयंपाकात. भाचा सुतारकामाला होता. पण बराकीतल्या लोकांचे अर्ज तो लिहून देऊ लागला होता: संचित रजेचे, अभिवचन रजेचे, अपिलाचे काय झाले म्हणून विचारणारे, घरच्यांना पाठवायचे. एका अर्जामागे एक बिडीबंडल असा दर होता. तो बिडी ओढत नसे, पण तुरुंगात बिडी हेच चलन. अर्ज लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आले की कायद्याच्या पुस्तकातली भाषा त्याला कळत नाही. तेवढ्यात तिथल्या गुरुजींनी मुक्त विद्यापीठाचे फॉर्म आणले. शिक्षण घेणाऱ्याची वागणूक चांगली धरतात, पदवी मिळवली तर शिक्षेत माफी मिळू शकते, हेही त्याला कोणी तरी सांगितले होते. एवढीच त्याची कारणे. ज्ञानाची ओढ वगैरे शब्द आम्ही मास्तर लोक वापरतो. पोटाची, पंख्याची आणि सुटकेची ओढ असली तरी माणूस अभ्यासाला बसतो, आणि एकदा बसला की पुढचे पुढे.

बारावी झालेली नव्हती म्हणून आधी त्याने 'पूर्वतयारी' केली. त्या वेळी मुक्त विद्यापीठात ती सोय होती. बारावी न झालेल्याने ती परीक्षा द्यायची आणि थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला जायचे. मग तीन वर्षे बी.ए. आधी पुस्तके येत, मग गृहपाठ, मग परीक्षा तुरुंगातच. येरवडा, नाशिकरोड, नागपूर अशा मोठ्या तुरुंगांत ही सोय आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची केंद्रेही आहेत. दिल्लीच्या तिहार तुरुंगात इग्नूचे केंद्र १९९४ साली निघाले, आणि पुढे तुरुंगातल्या विद्यार्थ्यांना इग्नूने फीही माफ केली.

बाहेरच्या माणसाला वाटते, तुरुंगात वेळच वेळ, अभ्यासाला काय तोटा? वेळ असतो, पण तो आपला नसतो. पहाटे मोजणी, मग काम, मग मोजणी, संध्याकाळी लवकर बंदी. बंदी झाल्यावर एका बराकीत पन्नास-साठ माणसे. कोणी भजन म्हणतो, कोणी भांडतो, कोणी झोपेत रडतो. एक गोष्ट मात्र अभ्यासाला सोयीची. बराकीतला दिवा रात्रभर मालवत नाहीत. पहिल्या वर्षी त्या दिव्याने त्याला झोप येत नसे, दुसऱ्या वर्षी त्याच दिव्याखाली तो दोन-दोन वाजेपर्यंत वाचत असे. एक वयस्क पठाण कैदी, खुनात जन्मठेप झालेला, तहज्जुदला उठायचा तेव्हा हा पुस्तक मिटायचा. त्या पठाणाला वाचता येत नव्हते. भाच्याने त्याला आधी सही शिकवली, मग मराठी बाराखडी. पठाणाने त्याला कुरआनच्या ज्या सूरा तोंडपाठ नव्हत्या त्या पाठ करून दिल्या. दोघांचा हिशोब बरोबर सुटला.

मी पाठवलेली पुस्तके आधी तपासली जात. भूगोलाच्या एका पुस्तकातून नकाशाची पाने काढून उरलेले पुस्तक त्याला मिळाले. तुरुंगात नकाशा चालत नाही. नियम म्हणून तो मला समजतो. पण परीक्षेत प्रश्न आला: कोकण किनारपट्टीचा आराखडा काढून बंदरे व खाड्या दाखवा. भाच्याने काढला. विजयदुर्ग, देवगड, आचरा, तळाशील, सर्जेकोट, मालवण, देवबाग, निवती, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, तेरेखोल. सगळे समुद्राच्या बाजूने पाहिलेले. मुलाखतीत तो हे सांगताना हसला. चार वर्षांत मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिले. म्हणाला, "मामू, जमिनीच्या बाजूचा काय एक माका येवक नाय. घाट सगळे चुकले."

पहिल्या वर्षाची गुणपत्रिका त्याने मला पाठवली. मी ती आपाला दिली. आपाला वाचता येत नव्हते. किती मार्क, म्हणून तिने विचारले. मी म्हटले, बावन्न टक्के. "शंभरातले?" हो, शंभरातले. तिने तो कागद कपाटातल्या कुरआनच्या जुजदानामागे ठेवला. त्यानंतरच्या दोन्ही गुणपत्रिका तिथेच गेल्या. पदवीचे प्रमाणपत्र मोठे असल्याने तिथे मावले नाही, ते गादीखाली गेले.

२०११ साली तो बी.ए. झाला. माफी धरून २०१२ च्या नोव्हेंबरात सुटला.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगतो. समारंभातही एक-दोनदा सांगितली आहे. यापुढची सांगत नाही, म्हणून लिहून टाकतो.

२०१३ साली आमच्या भागातल्या जमातीच्या शिक्षणसंस्थेत क्लार्कची जागा निघाली. अनुदानित नव्हे, संस्थेच्याच पगाराची. मी तेव्हा कमिटीवर होतो. भाच्याने अर्ज केला. मला न सांगता केला. बैठकीत अर्ज वाचले गेले. पदवी असलेले दोघेच, त्यांतला एक हा. त्याचे नाव वाचल्यावर सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मी समोरच्या ताटातल्या बिस्किटांकडे पाहू लागलो.

एक जण म्हणाला, "तुरुंगातून आलेला माणूस शाळेत नको. आईबाप काय म्हणतील?" याला उत्तर देता आले असते. पण मग दुसरा बोलला. तो शांत माणूस, कधी कुणाचे वाईट न बोलणारा. म्हणाला, "सर, त्या मयताची दोन पोरे आपल्या शाळेत आहेत. फी भरायला ती खिडकीवर येणार. खिडकीच्या आत हा बसलेला असणार."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नीटसे नाही. पण उत्तर नसणे आणि गप्प बसणे यांत फरक आहे. मला निदान एवढे म्हणता आले असते की खिडकीवर नको तर लायब्ररीत घ्या, रात्रीच्या वर्गाला घ्या, हिशोबाला मागच्या खोलीत बसवा. किंवा त्या पोरांच्या आईला जाऊन विचारू या. ती नाही म्हणाली तर नाही. तिला कोणी विचारलेच नाही. तिच्या वतीने आम्ही सात पुरुषांनी पाच मिनिटांत ठरवून टाकले. मला त्या वेळी बद्रची गोष्ट आठवत होती. हिजरी सन २, म्हणजे इ. स. ६२४. लढाईत मक्केचे सत्तरएक लोक कैद झाले. ज्यांना ऐपत होती त्यांनी खंडणी भरली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहिता येत होते, त्यांना प्रेषितांनी (स.) सांगितले की मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवा आणि मोकळे व्हा. कालपर्यंत तलवार घेऊन अंगावर आलेली ती माणसे होती, आणि मदिनेत त्या लढाईत शहीद झालेल्यांची घरे होती. तरी त्यांच्यासमोर मुले बसवली गेली. ही गोष्ट मी शाळेत सीरतच्या कार्यक्रमात दरवर्षी सांगत असे. त्या बैठकीत ती माझ्या ओठांवर आली आणि तिथेच राहिली. मला भीती वाटली की लोक म्हणतील, भाच्यासाठी हदीस आणतो.

जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. भाच्याने मला कधी विचारले नाही. कमिटीवर मी होतो हे त्याला माहीत होते.

आपण मुसलमान लेखक-वाचक तुरुंगाबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक निर्दोषांबद्दल बोलतो. ते बोललेच पाहिजे. मुंबईचे शाळाशिक्षक अब्दुल वाहिद शेख २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात नऊ वर्षे तुरुंगात राहून २०१५ साली निर्दोष सुटले. आत असताना ते शिकत राहिले, कायदा शिकले, 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. त्याच खटल्यातले एहतेशाम सिद्दिकी फाशीची शिक्षा डोक्यावर असताना नागपूरच्या तुरुंगात एकामागून एक अभ्यासक्रम पुरे करत होते. त्यांच्यासह बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. एकोणीस वर्षे! तेवढ्या काळात आमच्या मोहल्ल्यातले रांगणारे पोर कॉलेजात गेले.

पण माझा भाचा बेगुनाह नव्हता. त्याच्या हातून माणूस मेला. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही, आणि काढूही नये. प्रश्न असा आहे की जो खरोखर गुन्हा करून आत गेला, शिक्षा भोगली, आत राहून शिकला आणि बाहेर आला, त्याचे आपण काय करायचे? आणि अशांची संख्या थोडी नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्राच्या तुरुंगांतल्या ३३९ मुस्लिम बंद्यांशी बोलून अभ्यास केला. २०११ साली तो पुरा झाला. राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान २००१ च्या जनगणनेप्रमाणे १०.६ टक्के, तुरुंगात मात्र सुमारे एक तृतीयांश. बहुतेक तरुण, कमी शिकलेले, हातावर पोट असलेल्या घरांतले. यात पोलिसांच्या नजरेचा वाटा आहे, वकील न परवडण्याचा आहे. अकरावीत कॉलेज सुटण्याचाही आहे, आणि त्या वेळी एकदाच समजवायला गेलेल्या मामांचाही आहे.

कच्च्या कैद्यांचे तर आणखी अवघड. देशभरच्या तुरुंगांत दर चार माणसांपैकी जवळजवळ तीन कच्चे, म्हणजे निकाल न लागलेले. त्यांच्या नशिबी जिल्ह्याचे छोटे तुरुंग. तिथे कसले अभ्यासकेंद्र? आणि असले तरी कच्चा कैदी फॉर्म भरील कसा? जामीन उद्या होईल या आशेवर तो दिवस काढतो. उद्या-उद्या करत तीन वर्षे जातात. तीन वर्षांत बी.ए. होते. भाचा म्हणतो, सावंतवाडीला होता ती दोन वर्षे त्याने भिंतीकडे बघून काढली. पुस्तक मागावे असे मनातच आले नाही, कारण पुस्तक मागणे म्हणजे इथे राहायचे आहे हे कबूल करणे.

वाचनात आले म्हणून सांगतो. ज्या १९९४ साली तिहारमध्ये कॉलेज आले, त्याच साली अमेरिकेने आपल्या कैद्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत बंद केली. गुन्हेगाराला फुकट शिक्षण कशाला, असे तिथल्या पुढाऱ्यांचे म्हणणे. पण न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजाने खाजगी पैशांवर तुरुंगात वर्ग चालवले. २०१५ साली त्या कैद्यांच्या वादविवाद संघाने हार्वर्डच्या संघाला हरवले. २०१३ साली रँड या संस्थेने जुने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर आत शिकलेल्यांची पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता न शिकलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी निघाली. शेवटी जुलै २०२३ पासून अमेरिकेने ती मदत पुन्हा सुरू केली. हे सगळे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो जाळ्याची गाठ मारत होता. म्हणाला, "ते भायर इल्यार त्यांका काम कोण देता?" मी म्हटले, ते वाचलेले नाही.

सुटल्यावर दोन वर्षे तो पुन्हा दर्यावर गेला. दुसऱ्या गावच्या होडीवर, कारण आमच्या जेटीवर त्याला कोणी घेईना. मग एका तांडेलाने त्याला लिलावाचा हिशोब ठेवायला घेतले. त्याची हिशोब ठेवण्याची रीत अशी की संध्याकाळी वही उघडून सगळ्या खलाशांसमोर मोठ्याने वाचायची. किती डाग आले, काय भाव गेला, डिझेल किती, बर्फ किती, कुणाचा वाटा किती. मग सह्या. ज्याला सही येत नाही त्याला तो शिकवतो, अंगठा घेत नाही. पर्ससीनच्या जाळ्यांवर सरकारने २०१६ साली निर्बंध घातले, तेव्हा ते परिपत्रक मच्छीमारांच्या बैठकीत त्यानेच वाचून समजावून सांगितले. आता डिझेल परतावा, होडीची नोंदणी, विमा, पोरांच्या शिष्यवृत्त्या, सगळ्यांचे फॉर्म घेऊन लोक त्याच्याकडे येतात. हा तुरुंगातला रायटर बाहेर येऊनही रायटरच राहिला, फक्त बिडीबंडल घेत नाही. आपा २०१८ साली गेली. जनाजा ज्यांनी उचलला त्यांत त्या मयताचा थोरला मुलगाही होता. तो कसा आला, कोणी बोलावला, मला ठाऊक नाही. दोघे एकमेकांशी बोलल्याचे मी पाहिलेले नाही. त्या घरावरून जाताना भाचा अजून पायवाटेच्या पलीकडच्या कडेने जातो.

गेल्या पावसाळ्यात एक बाई त्याच्याकडे आली. शेजारच्या गावची, हिंदू. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोटरसायकल चोरीच्या दोन-तीन गुन्ह्यांत आत आहे, कच्चा. जामिनाला माणूस मिळत नाही. दहावी झालेला आहे. बाई रडत होती. भाच्याने तिला रडू दिले, मग म्हणाला, "वयनी, दाखलो आसा काय तेचो?"

बारावीला बाहेरून बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. हल्ली तो ऑनलाईन भरतात, पण कागद संपर्क केंद्र असलेल्या एखाद्या शाळेत नेऊन द्यावे लागतात आणि त्या शाळेने ते स्वीकारावे लागतात. जामीन झाला तर पोरगा बाहेरून परीक्षा देईल, नाही झाला तर कोर्टाची परवानगी मागायची. दोन्ही बाजूंनी फॉर्म फुकट जात नाही, असा भाच्याचा हिशोब. बाईकडे मुलाचा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, डोक्याला फेटा बांधलेला. भाचा अर्धा तास मोबाईलवर तो फेटा कापायचा प्रयत्न करत होता. शेवटी दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो घेतला.

शाळेचे नाव निघाले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाला, बघू, कोण घेतात ते. मीच म्हटले की मी जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. मुख्याध्यापक माझा जुना विद्यार्थी. त्याने चहा मागवला. मुलगा कुठे आहे, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, ऑफिसात विचारतो. नियमात बसते का बघायला लागेल." मी म्हटले, बघ. मी बसतो. त्याने क्लार्कला बोलावले, क्लार्कने फाईल आणली, दोघांनी ती वाचली. अकरा वाजले, प्रार्थना झाली, वर्ग भरले. मी बसून होतो. साडेअकराला तो म्हणाला, मूळ दाखला आणि आईची सही लागेल, उद्या घेऊन या.

मी बाहेर येऊन भाच्याला फोन केला. जेटीवर लिलाव चालू होता, त्यामुळे त्याला नीट ऐकू येईना. मूळ दाखला, मूळ, झेरॉक्स नव्हे, असे मी तीनदा ओरडून सांगितले.